रानम्हशीचा डावा पाय

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, शुक्र ग्रहाला स्वतःभोवती एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात तो सूर्याभोवती फिरून येतो. सबब त्याची स्वतःभोवतीची फेरी त्याच्या वर्षापेक्षा मोठी आहे. तसेच, मधुभाऊ वारले. पहिल्या गोष्टीला दोन साक्षी आहेत, एक ग्रंथ आणि एक भूगोलाचे मास्तर. दुसरीला आपला अख्खा ब्राह्मणपारा मोहल्ला साक्षी होता आणि खांदा द्यायला मी स्वतः होतो, तरी ती मला अजून फळ्यावर लिहिण्याजोगी वाटत नाही.

मधुभाऊ, असं तोंड करून जाहीर करायचं काम तुम्हीच मला दिलं होतं. तुम्ही सकाळी दाराशेजारच्या काळ्या फळ्यावर खडूनं एक गोष्ट लिहायचे, वर मराठीत, खाली हिंदीत, कारण आपलीच पोट्टी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. मग मी गल्लीत उभा राहून दवंडीवाल्याच्या आवाजात ती वाचायचो. 'ऐका हो ऐका, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात!' दूधवाला थांबायचा, शाळेचा रिक्षा थांबायचा, आणि आतून वहिनींचा आवाज यायचा, की ह्यांना एकच आहे आणि तेही फळ्यावर टांगलेलं.

तुम्ही गेल्यापासून मी एका जागी बसलेलो नाही. चप्पल घालतो, कोपऱ्यापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा घालतो. बायको म्हणाली, काहीतरी लिहून काढा म्हणजे पायांना आराम पडेल. म्हणून हे लिहायला घेतलं, पण तेही उभ्यानंच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून. कारण मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी नऊ वर्षं सांगितली नाही आणि काल सगळ्यांना सांगून टाकली. तुम्ही तेवढे नव्हते.

आधी तुमचा नियम, म्हणजे मी किती मोठं पाप केलं ते नीट कळेल. तुम्ही रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढला. फुटलेलं पार्सल आलं तर दोन साक्षीदारांसमोरच उघडायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. तुमचं म्हणणं असं, की जगातली प्रत्येक नवलाची गोष्ट हे फुटलेलं पार्सल आहे. वाटेत कोणी काय काढलं, काय घातलं, सांगता येत नाही. म्हणून फळ्यावर जायचं तर दोन साक्षी हवेत. पुस्तक असेल तर एक साक्ष धरली जाईल. दोन्ही माणसं असतील तर ती एकमेकांकडचा चहा पिणारी नसावीत, कारण चहा पिणारे एकमेकांच्या हो ला हो म्हणतात. प्राण्यांच्या बाबतीत मात्र पहिली साक्ष कायमची ठरलेली होती: गुलाबराव. वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले, तुमचे शाळेपासूनचे दोस्त, रोज संध्याकाळी बुढा तालाबाच्या काठी तुमच्याबरोबर एकाच बाकावर बसून चहा पिणारे. ते 'हो' म्हणाले की वाघानंही मान्य करावं.

या नियमापायी किती गमती झाल्या. केळं हे शास्त्रानं द्राक्ष-करवंदाच्या जातीचं फळ, हे कॉलेजातल्या बाईंनी लिहून दिलं तेव्हा कुठे ते फळ्यावर गेलं. कावळा माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो, हे सिद्ध झालं त्या दिवसापासून तुम्ही मंदिराकडून जायचं सोडलं आणि लांबच्या गल्लीनं जाऊ लागलात, कारण पूर्वी कधीतरी तिथल्या एका कावळ्याला तुम्ही खडा मारला होता. मी म्हटलं, भाऊ, तो कावळा केव्हाच मेला असेल. तुम्ही म्हणाले, "आन् पोराले सांगून गेला असंल तं?"

मग राज्य नवं झालं. एका सकाळी आपलं रायपूर राजधानी झालं, आणि गल्लीत सगळ्यांत जास्त आनंद तुम्हाला. फळ्यावर लिहिलंत: 'मी एकाच घरात राहून तीन राजधान्या पाहिल्या. आधी नागपूर, मग भोपाळ, आता हीच.' साक्षीदार म्हणून तुम्ही स्वतःचं घर आणि वहिनी असे दोघे दिले. नकाशा छापून आला तेव्हा तो फळ्यावर काढलात आणि खाली लिहिलंत की समुद्राचं तोंड न पाहिलेल्या आपल्या राज्याचा आकार समुद्री घोड्यासारखा आहे, आणि समुद्री घोड्यात पोटुशी राहतो तो नर. त्या दिवशी नळावर बायकांनी जी चर्चा केली ती इथे लिहिण्यासारखी नाही. एक शेजारीण एवढंच म्हणाली, की दीदी, अगले जनम में वहीं भेज दो.

राजधानीबरोबर परीक्षाही आल्या. आतापर्यंत पोरांनी जुन्या राज्याचं पाठ केलं होतं. आता पक्षी नवा, झाड नवं, प्राणी नवा. राज्यपक्षी पहाडी मैना, राज्यवृक्ष साल, राज्यपशू रानम्हैस. ज्या पोरांच्या आया त्यांना 'त्या फळ्यापाशी टाइमपास करू नको' म्हणायच्या, त्याच आता वही देऊन पाठवायला लागल्या. सकाळी तुमच्या दारासमोर सायकली उभ्या राहायच्या. तुम्ही धोतराचा सोगा सावरत लिहायचे आणि मागे तीस-चाळीस पेनं चालायची. मी दवंडी पिटायचो आणि मला वाटायचं, आपण दोघं मिळून सरकार चालवतो आहोत.

आणि त्याच दिवसांत तुम्ही माझी एक गोष्ट नाकारली. ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. खरी गोष्ट आहे, मधुभाऊ. आजही खरी आहे. मी कुठेतरी वाचलं होतं, पण कुठे ते आठवेना. तुम्ही चष्मा वर करून म्हणाले, "असं कोनाचं पोट असते का बे? साक्ष आन." मागची सायकलवाली पोरं हसली. मी चाळिशीचा माणूस, बँकेत खुर्ची-टेबल असलेला, पण मला ते लागलं. मनात म्हटलं, खरं पुराव्यावाचून अडकतं ना? मग खोटं पुराव्यासकट जातं का, ते बघू.

गुलाबराव तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी गोंदियाला गेले होते. मी बसून एक गोष्ट बनवली. फार विचार करून बनवली, मला अजून तिचा अभिमान वाटतो, हेच वाईट आहे. रानम्हैस पाण्यात उतरताना नेहमी डावा पाय आधी टाकते. बघा ना किती छान आहे. कोणाचं नुकसान नाही, कोणी जाऊन तपासणार नाही, आणि ऐकताच वाटतं की हो, असंच असणार.

साक्षीला मी अभनपूर गाठलं. तिथल्या बाजारात समारू नावाचा म्हशींचा दलाल माझ्या ओळखीचा. त्याला सगळं समजावलं. त्याची सासुरवाडी रानम्हशींच्या उदंती जंगलाला लागून आहे, तेव्हा पाहिल्याचं सांगायला हरकत नाही, असं आमचं ठरलं. तो एवढा खूश झाला की त्यानं मला प्लेटभर भजी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी तुम्हाला स्कूटरवर मागे बसवून तिथेच नेलं. वाटेत तुम्ही माझ्या कानात ओरडून सांगत होतात, की हे अभनपूर म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या गाडीचं जंक्शन, एक फाटा धमतरीला आणि एक राजिमला. आणि मी हसू दाबत होतो. समारूनं डोक्याचा गमछा सोडला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हव भैया, डेरी गोड़ पहिली." डेरी गोड़ म्हणजे डावा पाय. मग त्याच्या अंगात आलं. म्हणाला, रेडकू चुकून उजवा टाकू लागलं तर आई त्याला शिंगानं मागे ढकलते. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. तुमचे डोळे भरून आले. तरी तुम्ही पार्सलवाले. जाता जाता विचारलंत, की ह्या सुधाकरकडे कधी चहा प्यायला आहेस का? समारू शपथेवर म्हणाला, नाही. खरंच होतं ते. आम्ही भजी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फळ्यावर होतं. गुलाबराव गावात नाहीत म्हणून पहिला साक्षीदार समारू, आणि 'मीही पाहिलं' म्हणणारा दुसरा सुधाकर. मी दवंडी पिटली. मनात ठरवलं होतं, संध्याकाळी सांगून टाकायचं, हसायचं आणि वॉम्बॅटबद्दल तुमच्याकडून माफी मागवून घ्यायची. पण संध्याकाळपर्यंत चाळीस वह्यांत ते गेलं होतं. महिन्याभरात कुठल्याशा शिकवणीच्या झेरॉक्स नोट्समध्ये ते छापून आलं: राजकीय पशु पानी में कौन-सा पैर पहले रखता है? बायाँ, दायाँ, दोनों, इनमें से कोई नहीं. तो कागद घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात. तुम्ही म्हणालात, "सुध्या, मी जिंदगीभर दुनियेचं उतरवून घेत आलो. ही पहिली गोष्ट, जे दुनियेनं आपल्या गल्लीतून उतरवून घेतली." सांगा मधुभाऊ, त्यानंतर मी काय बोलणार होतो? तुम्ही त्या कागदाला प्लॅस्टिक चढवून देवघराशेजारी लावलात. वहिनी रोज दिवा लावताना माझी थाप ओवाळायच्या.

आणि गुलाबराव परत आले.

त्यांना ती गोष्ट बुढा तालाबावरच्या चहावाल्यानं सांगितली. ते तसेच तडक तुमच्याकडे आले. मी ओसरीवर चहा पीत बसलो होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, की मधू, हे कोणी सांगितलं. तुम्ही म्हणालात, दोन साक्षी आहेत. ते म्हणाले, मी हयात जंगलात काढली, जो पाय पुढे असेल तो जनावर टाकतं. मग तुम्ही दोघं हट्टाला पेटून शहराबाहेरच्या एका तळ्यावर म्हशी पाहायला गेलात, मला बरोबर घेऊन. सात म्हशी आल्या. चौघींनी उजवा टाकला, दोघींनी डावा, आणि एक उतरलीच नाही. गुलाबराव म्हणाले, झालं. तुम्ही म्हणालात, पाळीव म्हैस ही बिघडलेली म्हैस, तिची साक्ष धरता येत नाही. इथपर्यंत मजाच होती. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो.

ओसरीवर परत आल्यावर मात्र गुलाबरावांचा तोल गेला. ते म्हणाले, "मधू, तुया साक्षीदार पढवलेला हाये."

तुम्ही उठून उभे राहिलात. तुमचा तसा आवाज मी पार्सल ऑफिसच्या गोष्टींतही ऐकला नव्हता. "सुध्या माया डोयासमोर लहानाचा मोठा झाला. तो खोटं बोलनार नाई. तू माफी माग त्याची."

माझी. गुलाबरावांनी माझी माफी मागायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. रेंजर माणूस, पाचोळ्यावरचा पायाचा ठसा ओळखणारा. आणि मी कपातली साय बोटानं एका बाजूला करत होतो. ते काठी उचलून निघून गेले आणि पुन्हा आपल्या गल्लीत आले नाहीत.

नऊ वर्षं. बाक तोच राहिला. तुम्ही पाचला जायचे, ते सहाला यायचे. दोघंही जाताना चहावाल्याला एकच प्रश्न विचारायचे, की तो येऊन गेला का. चहावाला मला सांगायचा आणि वर विचारायचा, भैया, इनका हुआ क्या है? मी म्हणायचो, म्हातारे आहेत. तिकडे शहर वाढत राहिलं, पलीकडे नवी राजधानी बांधायला काढली, आणि ती बघायला जायची असं तुम्ही दर महिन्याला म्हणायचे, फक्त तुम्हाला तिथे गुलाबरावांबरोबर जायचं होतं. प्राण्यांच्या गोष्टी तुम्ही फळ्यावर लिहायचं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, साक्षीदार नाही. मी कितीदा तोंड उघडलं. एकदा तर छोट्या गाडीनं राजिमला जाताना, 'भाऊ, ते म्हशीचं...' एवढं बोललोही. तुम्ही लगेच खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणालात, की ही गाडी इतकी हळू आहे की बघ, तो सायकलवाला आपल्या पुढे निघाला. मग आपण त्याच्याकडे बघत राहिलो. मला फार बरं वाटलं, मधुभाऊ. त्याच सायकलवाल्यावर मी पुढची दोन वर्षं काढली.

आता त्या दुपारचं सांगतो. हॉस्पिटलात तुम्ही डोळे मिटून पडले होते आणि मी उगाच सलाईनची बाटली बघत उभा होतो. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "गुलाब आला होता काय रे?" कोणी आलं नव्हतं. त्यांना कळवलंच नव्हतं. ते काम माझ्याकडे होतं आणि मला त्यांच्या दारात जायची हिंमत झाली नव्हती. मी म्हटलं, हो, तुम्ही झोपले होते तेव्हा येऊन गेले. तुम्ही विचारलंत, काय म्हणाला. आणि मी, मधुभाऊ, जन्मभराच्या सवयीनं म्हणालो, की म्हणाले, मधूला सांग, डावाच. तुम्ही हसलात. बारीक, एका बाजूनं, जिंकल्यावर हसायचे तसे. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. मी तुम्हाला सुखानं पाठवलं, की लुबाडून पाठवलं, ते मला ठरवता येत नाही, आणि म्हणून मी उभ्यानं लिहितो आहे.

दहाव्याला खारूनच्या घाटावर कावळा शिवेना. बाकीचे हळहळले, खरं कारण मला एकट्याला माहीत होतं, की मंदिराकडच्या त्या कावळ्याची पोरं तुमचा फोटो ओळखून झाडावर बसली आहेत. मग घाटावरच्या रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन मोठ्यानं आश्वासन देऊ लागला: वहिनींना सांभाळू, फळा चालू ठेवू, नातवाला शिकवू. काही होईना. शेवटी मी पुढे गेलो आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, की सगळ्यांसमोर सांगतो, गुलाबरावांसमोर सांगतो. कावळा आला. आता खरं तर त्याच वेळी तुमच्या पुतण्यानं प्लॅस्टिकची फडफडणारी पिशवी तिथून हलवली होती. तेव्हा दुसरी साक्ष नाही, फळ्यावर लिहिता येणार नाही. पण वचन तर देऊन बसलो.

काल शोकसभा झाली. हॉलमध्ये तुमचा फोटो, तो रेल्वेच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यात तुम्ही चोराला पकडल्यासारखे बघता. या वेळी मी स्वतः गुलाबरावांच्या घरी जाऊन बोलावणं केलं होतं. दारातच निरोप दिला आणि पळालो. ते आले. तिसऱ्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले. मला 'मधुभाऊंच्या आठवणी, थोडं हलकंफुलकं' असं सांगून उभं केलं होतं.

मी सगळं सांगितलं. वॉम्बॅटपासून. भजी, समारू, रेडकाला ढकलणारी आई, झेरॉक्स, देवघर, ओसरी, साय. हॉस्पिटलचं तेवढं सांगितलं नाही. ते तुमचं-माझं आहे. आणि मधुभाऊ, लोक हसले. मी कबुली देत होतो आणि ते पोट धरून हसत होते, कारण मी तोंड उघडलं की किस्साच निघतो अशी त्यांची सवय. एक जण मागून म्हणाला, भैया, आप भी ना. वहिनींनी पदर तोंडाला लावला, हसत होत्या की रडत, कळलं नाही. मी हात जोडून म्हणत होतो, की खरंच सांगतो आहे, चूक माझी होती, रेंजर काका बरोबर होते, आणि प्रत्येक वाक्यावर हशा वाढत होता.

एकटे गुलाबराव हसले नाहीत. ते उठले. काठी खुर्चीला अडकली, ती सोडवायला वेळ लागला. हॉल हळूहळू गप्प झाला. मला वाटलं, आता येऊन थोबाडीत मारतील, आणि मला ती हवी होती, मी गालसुद्धा पुढे केला असता. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचा चेहरा आधी लहान पोरासारखा उजळला, खरोखर उजळला, नऊ वर्षांनी निकाल लागलेल्या माणसाचा असतो तसा. त्यांनी घाईनं मान वळवून तुमच्या फोटोकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. मग माझ्याकडे वळले आणि भर सभेत म्हणाले:

"अबे सुध्या, मंग मी जिंकलो, हे आता कोनाले सांगू?"